न्हाणीचं पाणी, काळी माती आणि कर्दळीचा वाफा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बिनविजेचं सांडपाणी शुद्धीकरण आणि टाकाऊतून खत, गॅस, पोटॅश परत मिळवायचं संशोधन यावर थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर मराठवाड्यातून बरेच प्रश्न आले. सगळे घेणं शक्य नाही, जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते घेतलेत. बहुतेक उत्तरांत एकच म्हणणं दिसेल, ते आधीच सांगते: घाण पाण्यातलं जे कामाचं आहे ते एकमेकांत मिसळायच्या आधी पकडायचं. कारण एकदा का संडास, न्हाणी, कारखाना आणि पावसाचं पाणी सगळं एकाच नाल्यात गेलं की ते वेगळं करायला वीज लागते, पैसा लागतो, कुशल माणूस लागतो आणि आपल्या गावांत नेमकं हेच नसतं.

प्रश्न : आमच्या निवासी शाळेत ६० पोरं राहतात. संडासच्या टाकीचं आणि न्हाणीचं पाणी मागच्या नाल्यात जायलंय, तिथं कायम चिखल, डास आणि वास. कुणीतरी कर्दळीचा वाफा करा म्हणालं, म्हणजे ते कन्स्ट्रक्टेड वेटलँड. लाइटचा काही भरवसा नाही आमच्याकडं. हे खरंच चालतं का, जागा किती लागते आणि उन्हाळ्यात काय होतं?
मुख्याध्यापक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : चालतं सर, आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. खडीनं भरलेला उथळ खड्डा, वर कर्दळीसारखी झाडं आणि खडीतून आडवं वाहत जाणारं घाण पाणी, एवढाच हा वाफा. जर्मनीत केटे झायडेल या संशोधक बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पती लावून घाण पाणी साफ करायचे प्रयोग केले, तिथून ही विद्या जगभर गेली. आपल्याकडं नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाची पद्धत बसवलीय. फक्त एक गैरसमज आधी काढून टाका, लोकांना वाटतं कर्दळ घाण शोषून घेते म्हणून पाणी साफ होतं. झाड थोडंफार नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) घेतं, नाही असं नाही, पण खरं काम करतात ते खडीवर जो बुळबुळीत थर जमतो त्यातले जीवाणू. मुळं जीवाणूंना बसायला जागा देतात. म्हणून कुठलं झाड लावायचं यावर महिनाभर चर्चा करण्यापेक्षा खडी नीट निवडण्यात वेळ घाला.

आता हिशोब. माणशी ६० लिटर पाणी धरलं तर रोजचं ३६०० लिटर, म्हणजे ३.६ घनमीटर. आपल्याकडच्या उबदार हवेत माणशी १ ते २ चौरस मीटर वाफा पुरतो, तुम्ही कमीत कमी म्हणजे ६० चौरस मीटर धरा, १२ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. खडीचा थर ६० सेंटीमीटर, त्यात पाणी ५० सेंटीमीटरपर्यंत. खडीतली पोकळी साधारण ४० टक्के असते, म्हणजे आत १२ घनमीटर पाणी मावतं, आणि रोज ३.६ येतं तर प्रत्येक थेंब तीन दिवसांहून थोडा जास्त आत राहतो. एवढा वेळ जीवाणूंना पुरतो. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो ते माप, नीट बांधलेल्या वाफ्यात ८० ते ९० टक्क्यांनी उतरतं.

पण वाफ्याच्या आधी सेप्टिक टाकी पाहिजेच, आणि तिचा गाळ वेळेवर उपसलेला पाहिजे. मैला थेट खडीत सोडला तर काही महिन्यांत वाफा बसला समजा. तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा, काळ्या मातीच्या भरवशावर राहू नका, ती वाळली की भेगाळते. पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन्ही तोंडाला मोठे दगड, मुठीएवढे, आणि मध्ये १० ते २० मिलिमीटरची खडी. क्रशरवरून आणलेली खडी धुवून घ्या हो, हे सगळे विसरतात, त्या दगडाच्या भुकटीनं वाफा पहिल्याच वर्षी निम्मा तुंबतो. बाहेर पडायच्या पाइपला फिरता एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, लावा, तो वर-खाली केला की आतली पाण्याची पातळी वर-खाली होते. पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली राहिलं पाहिजे, वर दिसता कामा नये, म्हणजे डासाला अंडी घालायला पाणीच मिळत नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न तुम्ही विचारला ते फार बरं केलं, कारण बाहेरच्या पुस्तकांत हा भाग नसतोच. मे महिन्यात आपल्याकडं दिवसाला १० मिलिमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे चौरस मीटरला १० लिटर, म्हणजे तुमच्या वाफ्यातून रोज ६०० लिटर, आलेल्या पाण्याचा सहावा हिस्सा. तेवढं पाणी गेलं हे धरूनच झाडांचं गणित करा, आणि उरलेल्या पाण्यात क्षार तेवढे दाट होतात हेही. दुसरं म्हणजे सुट्टी. पोरं घरी गेली की वाफ्यात पाणी येणं बंद. खडीत चौरस मीटरला २०० लिटर साठलेलं असतं, रोज १० उडालं तर वीसेक दिवसांत वाफा कोरडा, आणि शाळा उघडते जूनच्या मध्याला. म्हणून सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात एल्बो वर करून वाफा काठोकाठ भरून घ्या आणि मध्ये एकदा कुठलंही वापरलेलं पाणी सोडा. कर्दळ वरून वाळली तरी कंद जिवंत राहतो, पाणी आलं की फुटते. जीवाणूंनाही परत बसायला दोन-चार आठवडे लागतात, तेव्हा जूनमधलं पाणी कुठल्या पिकाला देऊ नका.

बिनविजेचं म्हणजे बिनमाणसाचं नाही. सगळ्यात आधी तुंबतो तो पाणी शिरतं तिथला पहिला मीटर-दीड मीटर. तिथली खडी फावड्यानं उकरून बघा, आत काळाकुट्ट लिबलिबीत गाळ असेल आणि सडक्या अंड्याचा वास येईल. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, गाळ उन्हात पसरून ठेवला की काही तासांत तपकिरी पडतो. थोडा काळा गाळ असणारच, पण पाणी खडीच्या वर दिसायला लागलं की समजायचं वेळ झाली, तेवढ्या पट्ट्यातली खडी काढायची, धुवायची, परत टाकायची. हे काम कुणाचं ते वाफा बांधायच्या आधी ठरवून कागदावर लिहा, नाहीतर दोन वर्षांनी तिथं फक्त बेशरमची झाडं दिसतील.

बाहेर आलेल्या पाण्यात अमोनिया शिल्लक असतो कारण आडव्या वाहत्या वाफ्यात ऑक्सिजन कमी. नदीत सोडायचं असतं तर ही अडचण होती, झाडांना द्यायचं असेल तर ते नत्र आहे, राहू द्या. जंतू मात्र पुरते मरत नाहीत. कच्चं खायच्या भाजीला पाणी द्यायचं तर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू १००० च्या आत हवेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्येच सांगितलंय, आणि नुसत्या वाफ्यातून तेवढं होईल असं धरून चालू नका. बांबू, शेवरी, गवत, फळझाडं यांना द्या, तेही बुडाशी. कोथिंबीर-मेथीला अजिबात नको.

प्रश्न : ग्रामपंचायतीनं घरोघर शोषखड्डे केले. पहिल्या वर्षी नाल्या कोरड्या पडल्या, सगळे खुश. आता निम्म्याहून जास्त खड्डे भरून वाहू लागलेत. नांदेडकडं म्हणे हेच खड्डे जोरात चालतात, मग आमच्याकडं काऊन नाही?
ग्रामपंचायत सदस्य, ता. पूर्णा, जि. परभणी

उत्तर : नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे करून उघड्या नाल्या संपवल्या आणि डासमुक्त गाव म्हणून नाव कमावलं, ते खरंय. पण खड्डा चालणं न चालणं हे गावाच्या उत्साहाइतकंच खालच्या जमिनीवर असतं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली बारीक छिद्रं मिटतात आणि पाणी जिरतच नाही. खाली मुरूम लागला तर जिरतं. तुमच्याकडं गोदेच्या काठानं काळीचा थर खोल असतो, चार-पाच फुटांचा खड्डा केला तर तो पूर्ण काळ्या मातीतच राहतो, म्हणजे ती टाकी झाली, शोषखड्डा नाही.

आता नवीन खड्डे घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा करा. खड्ड्याच्या खोलीवर छोटा खड्डा खणा, रात्रभर पाणी भरून माती पुरती भिजू द्या, दुसऱ्या दिवशी परत पाणी भरा आणि पातळी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. ३० मिनिटांच्या आत गेली तर शोषखड्डा चालेल, ३० ते ६० लागली तर उथळ लांब चर करा, तासाच्या वर गेलं तर जिरवायचा नाद सोडा. आणि ही परीक्षा मे महिन्यात करू नका! मे महिन्यात काळीला हातभर भेगा पडलेल्या असतात, बादलीभर पाणी क्षणात गायब होतं, सगळ्यांना वाटतं काय मस्त जिरतंय, आणि पावसाळ्यात तोच खड्डा वर येतो. माझा अंदाज आहे की तुमच्याकडं पहिल्या वर्षी जे चाललं त्यात या भेगांचा मोठा वाटा होता.

दुसरं कारण साबणाचा साका, केस आणि भांडी घासायची राख. खड्ड्याच्या आधी छोटी टाकी किंवा जाळीचं मडकं ठेवलं आणि ते दर पंधरा दिवसांनी साफ केलं तर खड्ड्याचं आयुष्य बरंच वाढतं. जिथं जिरतच नाही तिथं चार-पाच घरांचं न्हाणीचं पाणी एकत्र करून वर सांगितलाय तसा छोटा वाफा करा आणि पाणी केळी-आळूला द्या, आळू मात्र शिजवूनच खायचा. आणि संडासचं पाणी शोषखड्ड्यात नको म्हणजे नको, विहीर-बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पिण्यालायक राहत नाही, आणि उकळूनही जात नाही.

प्रश्न : पाण्याची एवढी बोंब असती म्हणून धुण्याचं पाणी दोन वर्षं झाली परसातल्या मोसंबीला सोडायले. आता पानांच्या कडा जळायल्यात आणि झाडाखालची माती वर पांढरी आणि दगडासारखी टणक झालीय. साबणानं होतंय का हे?
गृहिणी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : हो ताई, बहुतेक त्यानंच. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यात सोडियम. ते काळ्या मातीत जाऊन बसलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, वाळली की टणक. शेतात आपण याला चोपण जमीन म्हणतो, तेच तुमच्या परसात छोट्या प्रमाणात झालंय. मोसंबी-लिंबू वर्गाला क्षार मुळातच सोसत नाही, म्हणून पहिल्यांदा तिथं दिसलं.

आधी पाणी वेगळं करा. पावडरीचं पहिलं पाणी झाडाला अजिबात नको, ते नालीत किंवा वाफ्यात जाऊ द्या. खळबळायचं दुसरं-तिसरं पाणी आणि अंघोळीचं पाणी चालतं, पण एकाच झाडाला रोज नको, पाळीपाळीनं द्या आणि खोडाभोवती पाचट किंवा पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा. आता बिघडलेल्या मातीत पावसाळ्याच्या तोंडाला जिप्सम मिसळा, जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीतून बाहेर काढतं आणि पावसाचं पाणी ते खाली धुऊन नेतं. पण पाणी खाली जायला वाट हवी, म्हणून आळ्याच्या बाजूनं एक चर काढा. किती टाकायचं ते माती तपासूनच ठरवा, परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देता येतो. शेण आणि कंपोस्टही भरपूर घाला. झाड वाचेल असं वाटतं, नवी पालवी निरोगी येते का तेवढं बघत राहा.

प्रश्न : मॅडम, मी एम.टेक. करतेय. प्रोजेक्टसाठी दोन विषय मनात आहेत, एक म्हणजे हॉस्टेलच्या युरिनलमधून स्ट्रुव्हाइट खत काढणं आणि दुसरा म्हणजे परळीच्या वीज केंद्रातली राख वापरून सांडपाण्यातलं फॉस्फरस पकडणं. कुठला घेऊ? गाइड म्हणतात दोन्ही होऊन गेलेत.
विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होऊन गेलेत हे खरं, पण आपल्या हवेत, आपल्या पाण्यावर आणि आपल्या खिशाला परवडेल असे किती झालेत हा प्रश्न गाइडना जरूर विचार.

पहिला विषय मला जास्त आवडला. सांडपाण्यात लघवीचा वाटा जेमतेम एक टक्का, पण त्यातलं साधारण ८० टक्के नत्र आणि ५० टक्के स्फुरद तिच्यातून येतं. एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत साधारण ४ किलो नत्र आणि पाव ते अर्धा किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध स्फुरद १० किलोच्या आसपास असतं, म्हणजे तीसेक माणसांच्या वर्षाच्या लघवीत एका पोत्याचं स्फुरद आहे, आणि आपला देश ते स्फुरद बहुतेक बाहेरून विकत आणतो. हॉस्टेलच्या युरिनलच्या पाइपात आतून पांढरट-पिवळा दगडी थर बसतो तो बघितलायस का? त्यात स्ट्रुव्हाइट असतं, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचे खडे. म्हणजे पाइपात ते आपोआप होतंच आहे, कमी पडतं ते मॅग्नेशियम. साठवलेल्या लघवीचा पीएच युरिया फुटून स्वतःच ९ च्या आसपास जातो, तिथं मॅग्नेशियम घातलं की खडे बसायला लागतात. कोकणातले लोक मिठागराचं उरलेलं पाणी वापरू शकतील, तुला कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट सोपं. एक ग्रॅम स्फुरदाला ते आठेक ग्रॅम लागतं, वर दहा टक्के जास्त घाल, आणि खतही आठेक ग्रॅमच मिळतं.

खरी गोम वाळवण्यात आहे. स्ट्रुव्हाइट ५०-५५ अंशांच्या वर तापलं की त्यातला अमोनिया आणि पाणी उडायला लागतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्यावर ठेवलं तर त्याहून जास्त तापतं. पण सावलीत ओलसर राहिलं तर जंताची अंडी टिकतात. म्हणजे किती तापवायचं, किती दिवस, कुठल्या महिन्यात, हे मराठवाड्याच्या हवेवर कुणीतरी नीट मोजायला पाहिजे, तेच तू मोज ना. दुसरं, स्ट्रुव्हाइट काढलं तरी ९० टक्क्यांहून जास्त नत्र पाण्यातच राहतं, हे प्रबंधांत बऱ्याचदा गाळलं जातं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला स्वित्झर्लंडच्या ईवाग संस्थेनं लघवीतलं नत्र आधी जीवाणूंकडून स्थिर करून मग पाणी आटवून द्रवखत करायचं काम केलंय, ते वाच.

राखेचा विषय घेतलास तर एकच विनंती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फॉस्फेट घालून, बाटली हलवून, ‘एक ग्रॅम राखेनं एवढे मिलिग्रॅम पकडले’ असले आकडे नको. त्यात फॉस्फरस दाट असतो आणि भांडायला दुसरं कोणी नसतं. खऱ्या सांडपाण्यात फॉस्फरस लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम, बरोबर सेंद्रिय घाण, कार्बोनेट, जीवाणूंचा थर, सगळे तीच जागा अडवतात. म्हणून उभ्या नळीत राख भरून खरं सांडपाणी निदान सहा महिने वाहू दे. राख नुसती भुकटी घातली तर पाणी जाणारच नाही, तिच्या गोळ्या कराव्या लागतील. बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच आणि जड धातू मोज, आणि भरलेली राख शेवटी कुठं जाणार तेही लिही.

प्रश्न : दारूच्या कारखान्याचं काळं पाणी टँकरनं फुकट मिळायलंय, पोटॅश लई आहे म्हणतात. शेजाऱ्यानं टाकलं. मी टाकू का?
शेतकरी, गोदाकाठ

उत्तर : कच्चं असेल तर नका टाकू दादा. एक लिटर अल्कोहोल मागं ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे हेच काळं पाणी, निघतो आणि त्याचा बीओडी लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो, गावच्या सांडपाण्याचा २००-३००. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावाच्या एका दिवसाच्या घाणीएवढा भार. तो तुमच्या एका बांधात रिकामा होतो, जमिनीतला ऑक्सिजन संपतो, मुळं गुदमरतात आणि विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं की ते परत स्वच्छ व्हायला वर्षं जातात. तो रंग जीवाणूंनाही लवकर तुटत नाही.

पोटॅश आहे हे मात्र खरं, आणि ते फेकून द्यायची गोष्ट नाही. म्हणूनच आधी त्यातून बायोगॅस काढायचा, उरलेलं प्रेसमडवर (साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणाऱ्या गाळावर) मारून कंपोस्ट करायचं किंवा आटवून जाळायचं हे कारखान्याचं काम आहे. जाळून उरलेल्या राखेतलं पोटॅश आता ‘पीडीएम’ (मोलॅसिसपासून मिळालेलं पोटॅश) नावानं खत म्हणून विकलं जातं, खत नियंत्रण आदेशात त्याला जागा मिळालीय, पोटॅश किमान १४.५ टक्के. आपण म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे नेहमीचं पोटॅश खत, परदेशातून आणतो, तेव्हा हे घरचं पोटॅश घ्या, पिशवीवर छापील टक्केवारी बघून आणि पावती घेऊन. टँकरवाल्याकडं ना टक्केवारी असते ना पावती.

प्रश्न : गावतळ्यात जलपर्णी सोडली तर पाणी साफ होतं का?
वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : सोडू नका. जलपर्णी पाण्यातलं नत्र-स्फुरद भराभर घेते, पण वेळेवर काढली नाही तर तिथंच कुजून ते सगळं परत पाण्यात सोडते, वरून डासांना आसरा. उघड्या पाण्यापेक्षा जलपर्णीनं झाकलेल्या तळ्यातून पाणी जास्त उडतं, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या जिल्ह्यात हे परवडणार नाही. आधीच आली असेल तर पावसाळ्याच्या आत मुळासकट काढून काठापासून लांब ढीग करा, शेण घालून चांगलं कंपोस्ट होतं. फक्त तळ्यात एखाद्या वर्कशॉपचं किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर त्या जलपर्णीचं खत भाजीपाल्याला वापरू नका, तिच्या मुळांत जड धातू साठतात.